पाहुणे असं म्हणाले नाहीत

दुभाष्याला एका जागी उभं राहणं कधी जमलं नाही. मंचावर पाहुणे उपदेशक बोलायला लागले की हा त्यांच्या डाव्या हाताला उभा असायचा. त्यांचं वाक्य संपून आपलं सुरू होईपर्यंत याचा भार या पायावरून त्या पायावर आणि पुन्हा या पायावर. शिबिरातली मुलं पाठीमागे त्याची हुबेहूब नक्कल करायची. बायको म्हणायची, "अहो, तुमच्या पायाला भिंगरी आहे ती आहे. निदान देवासमोर तरी काढून ठेवत चला."

एरवी वर्षभर तो शहरातल्या बस डेपोत ब्रेकचं काम करायचा. खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर अख्खी बस, हातात पाना. वर्षातून एकदा तो रजा टाकायचा आणि तळ्याकाठच्या शिबिराला जायचा. वरच्या डोंगरांतल्या आदिवासी वस्त्यांमधल्या तरुण मुलामुलींसाठी शहरातली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, हे शिबिर भरवायची. पत्र्याचं एक लांबलचक सभागृह, तंबूंची रांग, व्हॉलीबॉलचं सैल पडलेलं जाळं आणि कधीच सुरात नसलेली एक गिटार. उपदेशाला मोठमोठ्या शहरांतून पाहुणे यायचे. ते शहरी भाषेत बोलत, वस्त्यांची बोली वेगळी. दोन्ही भाषा पोटात असलेला माणूस हवा, तो हा. लोक त्याला इतकी वर्षं दुभाष्या म्हणत आले होते की शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याचं खरं नाव छापलं तर 'हे कोण?' असं विचारलं गेलं असतं.

तो स्वतः त्याच वस्त्यांमधला. लहानपणी बापाने त्याला मंडळीच्या वसतिगृहात आणून ठेवलं. शहरी भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण एक हिवाळा सरला तेव्हा पोरगं बोलायला लागलं होतं, आणि मग थांबेचना. आई पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा वसतिगृहाच्या गृहपालांनी त्यालाच मध्ये उभं करून तिला सांगितलं, "तुमचा मुलगा फार वळवळ करतो. एक क्षण स्वस्थ बसत नाही." मुलाने आईला सांगितलं, "गृहपाल म्हणतात, मी फार चपळ आहे." आई खूश झाली. तिने गृहपालांचे दोन्ही हात हातात घेतले. गृहपालही खूश झाले, बाईंनी तक्रार किती समजुतीने घेतली म्हणून. दुभाष्याच्या कामाची सुरुवात ही अशी झाली.

पुढे मिसरूड फुटायच्या वयात, याच तळ्याकाठी, एका सकाळी त्याने आपलं आयुष्य प्रभूला दिलं. कोणी ढकललं नव्हतं, कोणी रडवलं नव्हतं. तो एकटाच पाण्याशी गेला आणि परत आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. त्याबद्दल नंतर त्याला कधी शंका आली नाही. शंका यायच्या त्या सगळ्या स्वतःबद्दल.

मंचावरचा पहिला फेरफार त्याने केला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. शेवटचा दिवस होता, त्या दिवशी वस्त्यांमधले आईबाप, आजे-आज्या खाली उतरून यायचे आणि मागच्या सतरंज्यांवर बसायचे. त्यांत त्याची आजीही होती. पाहुणे मोठ्या आवाजाचे. बोलता बोलता त्यांनी हात उगारला आणि म्हणाले, "तुमचे आजे-पणजे अंधारात जगले, अंधारात मेले. ते आज आगीत आहेत!"

दुभाष्याचं तोंड उघडलं. समोर आजी, कानामागे हात धरून, नातू काय सांगतो ते ऐकायला पुढे झुकलेली. आजोबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते.

तो म्हणाला, "तुमचे आजे-पणजे थोड्या उजेडात चालले, तरी त्यांनी तुम्हाला इथवर आणलं. तुम्हाला जास्त उजेड मिळालाय, नीट चाला."

मागच्या सतरंज्यांवर माना डोलल्या. एकदोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पाहुण्यांना वाटलं, घाव बरोबर बसला. जेवताना ते दुभाष्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुमच्यामुळे शब्द थेट काळजात गेला." दुभाष्या ताट उचलून उठला.

एकदा वाट पडली की पाऊल आपोआप त्याच वाटेने जातं. कधी फेरफार साधा, कामापुरता असायचा. एका पाहुण्यांनी बाहेरून चकचकीत आणि आतून सडलेल्या फ्रिजचा दाखला दिला, तेव्हा वस्तीत फ्रिज नाही म्हणून याने त्याचा भोपळा केला. यात खोटं काही नव्हतं. पण फ्रिजचा भोपळा करणं आणि आगीचा उजेड करणं ही दोन कामं एक नव्हेत, हे त्याला पक्कं कळत होतं. ती एकच आहेत असं तो स्वतःला समजावायचा, आणि ते पटलं नाही की उठून चालायला लागायचा. तंबूंचे दोर ताण, नळ बंद आहेत का पाहा, कुणाच्या बुटाची नाडी बांध. ही चाल कशाची, ते बायकोला ठाऊक होतं.

"देवाच्या नावाने बोलता आणि आपलंच घुसडता, होय ना?" तिने एकदा भांडी घासता घासता विचारलं.

"मी वाईट काही सांगत नाही गं."

"मी चांगलं-वाईट विचारलंच नाही."

तो उठून दाराच्या बिजागरीला तेल घालू लागला. बिजागरी वाजत नव्हती.

अशी वर्षं गेली. वस्त्यांमध्ये शाळा आल्या. काही मुलं शहरी भाषा शिकली, कॉलेजात गेली. दुभाष्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी नर्सिंगला लागली. तिला घरात सगळे वकील म्हणत, कारण तिला काहीही सांगितलं की ती 'कशावरून?' असं विचारायची. त्या वर्षी ती पहिल्यांदाच शिबिराला आली आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. तिची आई, म्हणजे दुभाष्याची बहीण, स्वयंपाकाला मदत करायला आली होती. ती काम आटोपून मागे टेकली.

पाहुणे तरुण होते. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, आवाज हळू, बोलणं मनापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "तुमच्या घरात जे जुनं आहे, गाणी, गोष्टी, रीती, ते सगळं मागे टाका. आणि जे आईबाप तुम्हाला मागे ओढतात, त्यांचं घर सोडा. सोडायला भिऊ नका."

दुभाष्याने भार बदलला. "तुमच्या घरात जे जुनं आहे ते नीट पारखून घ्या, चांगलं ते ठेवा. आणि आईबापांशी पटलं नाही तरी त्यांच्याजवळ राहा, बोलत राहा."

पहिल्या रांगेतून वकील उठून उभी राहिली.

"मामा, पाहुणे असं म्हणाले नाहीत."

हे ती बोलीत म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळून शहरी भाषेत, "सर, तुम्ही बोललात ते यांनी सांगितलंच नाही. उलटं सांगितलं."

गिटारवाल्याचा हात तारेवर तसाच राहिला. पाहुणे गोंधळले. "मग काय सांगितलं?"

तिने सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता.

पाहुण्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

आणि दुभाष्याने, सवयीने, सभागृहाकडे तोंड करून बोलीत सांगितलं, "पाहुणे विचारतात, हे खरं आहे का?"

आधी कोणीतरी एक फिस्सकन हसलं, मग सगळं सभागृह हसायला लागलं. हसू थांबेपर्यंत तो उभाच होता, कान लालभडक. मग म्हणाला, "खरं आहे." दोन्ही भाषांत म्हणाला.

शिबिराच्या प्रमुख म्हणजे शहरातल्या चर्चच्या पाळकबाई. केस पांढरे झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलांना व्हॉलीबॉलला पिटाळलं आणि दोघांना सामानाच्या खोलीत नेलं. तिथे गाद्यांच्या ढिगाजवळ तिघे उभे राहिले.

पाहुणे दुभाष्याकडे वळले. "मी गुडघ्यावर बसून तयारी केली होती. एकेक वाक्य देवाकडे मागून घेतलं होतं. आणि तुम्ही माझ्या तोंडात तुमचे शब्द घातलेत."

"हो," दुभाष्या म्हणाला.

"किती वर्षं चाललंय हे?" पाळकबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासूनच म्हणा ना."

"मला का नाही सांगितलंत?"

"बाई, तुम्ही पाहुण्यांना तरी थांबवलं असतं, नाहीतर मला तरी."

"किंवा ऐकून घेतलं असतं," पाळकबाई म्हणाल्या. "तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत. मी इतकी वर्षं कसलं शिबिर चालवतेय, हे मलाच माहीत नव्हतं."

दुभाष्या तिथून निघाला तो तळ्याच्या कडेने चालत सुटला. अर्धा वळसा झाला तेव्हा मागून पावलं ऐकू आली. वकील धावत आली होती.

"मामा, रागावलास?"

"तुझ्यावर कशाला रागावू?"

"मी रागावलेय," ती म्हणाली. "तुला वाटलं आम्ही ऐकून मोडून पडू. ते गाणी टाका म्हणाले तर मला त्यांना विचारायचं होतं, का टाकू? आई मागे बसलीये, तिला विचारायचं असेल. आई काय मेणाची आहे? आमचं भांडण होतं ते, मामा. तू मधल्या मधे मिटवून टाकलंस."

तो आणखी भरभर चालू लागला. ती त्याच्या शेजारून चालत राहिली. त्याच्या चालीने चालायला तिला जवळजवळ पळावंच लागत होतं.

दुपारी पाहुणे पुन्हा मंचावर आले. डावीकडे वकील. ती जागची हलत नव्हती. पाहुणे सकाळचंच बोलले, आणि तिने ते जसंच्या तसं सांगितलं. मागे चुळबुळ झाली. दुभाष्याची बहीण उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मी या पोरीला जी गाणी म्हणून झोपवलं, ती मी टाकणार नाही. टाकून काय, मुकी होऊ? पाहुण्यांना सांग." पोरीने सांगितलं. पाहुणे लालबुंद झाले. पण मग ते खुर्ची ओढून बसले आणि गाण्यांचं सोडून घराबद्दल बोलू लागले. त्यांचा बाप दारू पिऊन आईला मारायचा. तेराव्या वर्षी एका शेजाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, हे घर सोड, पाप नाही लागणार. "तो माणूस नसता तर मी आज इथे नसतो," ते म्हणाले. "मी सोडा म्हणतो ते यासाठी."

दुभाष्या दाराजवळ उभा राहून ऐकत होता. स्वतः भाषांतर करत नसताना उपदेश ऐकण्याची त्याची ही पहिलीच वेळ. पाहुण्यांचं वाक्य संपलं की त्याचे ओठ हलायचे.

सभा सुटली. मुलं पाहुण्यांभोवती गोळा झाली, काही वाद घालायला, काही नुसतीच. दुभाष्या बाहेर येऊन व्हॉलीबॉलचं जाळं ताणायला लागला. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला शिबिराचा खेळ घेणारा कोच होता. पंचविशीतला, अंगाने दणकट, पूर्वी स्वतः शिबिरात येणारा मुलगा. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे. सगळ्यांना ते माहीत होतं, उजवीकडून हाक मारायची एवढंच.

"काका," कोच गाठ मारत म्हणाला, "आज पाहुणे घर सोडा म्हणाले. पूर्वीही कोणी म्हणालं होतं का असं?"

"म्हणाले होते. एकदोघं."

"मी दहावीत होतो त्या वर्षी?"

दुभाष्याने आठवून पाहिलं. एक उंच पाहुण्या होत्या. म्हणाल्या होत्या, मार खात राहणं म्हणजे आज्ञापालन नव्हे, निघा. वस्तीतल्या बापांना काय वाटेल म्हणून याने ते गुळमुळीत करून टाकलं होतं.

"म्हणाल्या होत्या," तो म्हणाला.

कोच दोरी सोडून सरळ उभा राहिला. "तुम्ही सांगितलंत, आईबापांजवळ राहा. मला वाटलं, देवच म्हणतोय. मी निघायचं ठरवून आलो होतो, काका. पिशवी बरोबर आणली होती. तुमचं ऐकलं आणि परत गेलो." त्याने डाव्या कानाला हात लावला. "हे त्याच्या पुढच्या महिन्यातलं."

तो आवाज चढवून बोलला नाही. सांगून झाल्यावर त्याने शिट्टी वाजवली आणि मुलांना खेळायला बोलावलं.

दुभाष्या तिथेच उभा राहिला. आणि त्या दिवशी शिबिरातल्या पुष्कळांनी एक नवल पाहिलं. तो हलत नव्हता. चेंडू येऊन त्याच्या खांद्याला लागला तरी हलला नाही. शेवटी बहिणीने येऊन "दादा, चल, आत बस" म्हणून त्याला दंडाला धरून नेलं.

त्याने इतकी वर्षं आजीचा चेहरा पाहून शब्द निवडले होते. मागच्या सतरंज्यांवरच्या म्हाताऱ्यांचं मन सांभाळलं होतं. पुढे बसलेल्यांमध्ये कोण पिशवी भरून आलंय, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि तो एकटा कोच असेल कशावरून? आणखी कितीजण परत गेले असतील? या प्रश्नाला तळ नव्हता. तो डेपोत परतला, खड्ड्यात उतरला, आणि पाना हातात धरून प्रत्येक शिबिर, प्रत्येक रांग आठवू लागला. दोनदा मुकादमाने हटकलं, "लक्ष कुठंय? माणसं बसणारेत या गाडीत." घरी जेवता जेवता उठायचा. बायकोने महिनाभर पाहिलं आणि मग म्हणाली, "चालून चालून चप्पल झिजेल, दुसरं काही होणार नाही. त्या मुलाकडे जा."

तो कोचच्या खोलीवर गेला. माफी मागितली. कोचने ऐकून घेतलं, 'असू दे' म्हणाला नाही आणि दारही लावलं नाही. मग तो म्हणाला, "बापाला लकवा झालाय. वस्तीत एकटाच असतो. मी घर सोडल्यापासून गेलो नाही. एकटा जाऊ शकत नाही. तुम्ही याल?"

"येतो. काय बोलू त्याच्याशी?"

"काही नाही. नुसते बसा."

दुभाष्याला आयुष्यात कोणी याहून अवघड काम सांगितलं नव्हतं.

ते गेले. लाकडी घर, दाराशी वाळत घातलेली गोधडी, आत खाटेवर एका अंगाने लुळा झालेला म्हातारा. खोलीत एकच स्टूल होतं. कोच त्यावर बसला तो नेमका बापाकडे डावी बाजू करून. म्हाताऱ्याने त्याला निरखून पाहिलं आणि वाकड्या तोंडाने पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला.

कोच दुभाष्याकडे वळला. "काय म्हणाले?"

म्हातारा म्हणाला होता, 'आता कशाला आलास? मेलोय का ते बघायला?'

दुभाष्याच्या जिभेवर दुसरं वाक्य तयार होतं. इतकं सुरेख आणि इतकं सोपं की ते सांगितलं असतं तर दोघंही रडले असते. त्याचे पाय वळवळले. त्याने खाटेची कड घट्ट धरली.

"म्हणतात, आता कशाला आलास? मेलोय का ते बघायला?"

कोचने मान हलवली. मग स्टूल फिरवून उजवा कान बापाकडे केला आणि म्हणाला, "हो. तेच बघायला आलो होतो."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग चांगल्या हाताने त्याने पाण्याचं भांडं दाखवलं. कोचने उठून त्याला पाणी पाजलं. पुढे दोघांत काय बोलणं झालं ते दुभाष्याला माहीत नाही, कारण तो बाहेर पायरीवर जाऊन बसला होता.

बापलेकांचं जमलं असं म्हणता येणार नाही. कोच महिन्यातून एकदा वर जायचा, औषधं द्यायचा, कधी भांडून यायचा. पुढच्या हिवाळ्यात म्हातारा गेला. कोचने त्याला स्वतःच्या हाताने माती दिली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुभाष्याने पाळकबाईंना सांगून टाकलं की मंचावर आता वकीलच उभी राहील. बाई म्हणाल्या, "चालेल. पण एक सकाळ तुमची. पाहुण्यांच्या पाठीमागून इतकी वर्षं उपदेश केलात, आता समोरून करा."

ती सकाळ आली. दुभाष्या मंचावर उभा राहिला आणि त्याला एक शब्द सुचेना. तो उजवीकडे बघायचा, जिथे पाहुणे उभे असत. तिथे कोणी नव्हतं. मुलं वाट पाहत होती. तो घसा खाकरून म्हणाला, "मी तुम्हाला कधी कधी पाहुण्यांचं म्हणून माझंच सांगितलं. त्यातलं काही बरं असेल, काही फार वाईट झालं. यापुढे माझं असेल ते मी माझं म्हणून सांगेन." मग उतरायला वळून, "आज एवढंच आहे."

बायको मागे बसली होती. तिने नंतर सांगितलं की त्याचं सगळ्यात चांगलं भाषण तेच, कारण लवकर संपलं.

त्याचं चालणं काही थांबलं नाही. शिबिराच्या दिवसांत तो अजून तळ्याला फेऱ्या मारतो, पण आता एकटा नसतो. कुणीतरी मुलगा किंवा मुलगी बरोबर असते, आणि घरी परत जावं की जाऊ नये असलं काहीतरी विचारत असते. दुभाष्या पूर्वीसारखं पटकन उत्तर देत नाही. "घरी काय होतं ते आधी सांग," म्हणतो. आणि ऐकता ऐकता त्याची चाल वाढत जाते, इतकी की मुलांना सांगावं लागतं, "काका, जरा हळू, दम लागला."